फादरमुळे

"एवढी कला अंगात असताना तू गाव सोडून गेलासच कशाला, फिनटन?" ऐंशी पार केलेल्या फादरनी त्याचा हात धरून अगदी मायेनं विचारलं. आयर्लंडच्या त्या किनाऱ्यावरच्या गावात आज फिनटनचा सत्कार होता.

फिनटन त्यांच्याकडे बघतच राहिला. तीस वर्षांपूर्वी त्याच्या घरी नाच रंगला होता आणि तो कोपराखालचा भाता दाबत पाईप्स हे आपलं वाद्य वाजवत होता. तेवढ्यात हेच फादर काठी घेऊन आत शिरले आणि त्यांनी नाच उधळून लावला. रविवारी चर्चमध्ये त्यांनी त्याचं नाव घेऊन सांगितलं, "ते वाद्य सैतानाचं आहे!" मग त्याला कुणी सुतारकामही देईना. तो बोटीत बसून लंडनला गेला. दिवसा त्यानं विटा वाहिल्या, संध्याकाळी पबमध्ये पाईप्स वाजवले. तिथंच त्याला जुने, जाणते वादक भेटले. पुढे रेडिओवर बोलावणं आलं, नाव झालं. फादरना सुनावायचं वाक्य मात्र त्यानं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

"तुमच्यामुळे गेलो, फादर."

"माझ्यामुळे?" म्हाताऱ्या फादरनी खूप आठवून पाहिलं. काहीच आठवेना. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

सत्काराच्या भाषणात ते अभिमानानं म्हणाले, "मंडळी, याला लंडनला मीच धाडलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फिनटन ते खोडून काढायला उठला, पण तसाच उभा राहिला. मग त्यानंही टाळ्या वाजवल्या. फादर खोटं असं काहीच बोलले नव्हते.