माळाचे रंग

“ही समदी झाडं एकाच आईची हायत का गं पोरी?” हरिबाआबांनी मॉनिटरजवळ तोंड नेऊन विचारलं.

हर्षदाने चित्राकडे पाहिलं. कडुलिंब, करंज, चिंच, सगळ्यांना तिने एकच हिरवा फासला होता. जालिंदरच्या फोटो स्टुडिओत ती लग्नाचे अल्बम करायची. नवरा-नवरीच्या मागे काश्मीरची हिरवळ चिकटवायची, आणि त्या हिरव्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. हे गिऱ्हाईक वेगळं होतं.

“लिंब पोपटी कर. करंजाला चमक पायजे, तेल लावल्यावानी. आन् चिंच जरा काळपट.”

शिरूरच्या बाजाराला आले की आबा स्टुडिओत येऊन बसत. हा चौथा शनिवार. पहिले दोन तर नुसत्या काळ्या-पांढऱ्यातच गेले होते. २००४ साली शिरूरला कॉम्प्युटरवर असं चित्र काढणारी हर्षदा एकटीच, आणि तिची रीतही तिचीच. आधी सगळं करड्या रंगात रंगवायचं, उजेड कुठला, सावली कुठे हे पक्कं करायचं आणि मग वर रंग चढवायचे. जालिंदरला हा निव्वळ वेळखाऊपणा वाटे. आबांना मात्र ती रीत पटली होती. “बरुबर हाय,” ते म्हणाले होते. “झाडाकडनं माणूस आधी सावलीच मागतो. रंग मागनं.”

चित्र होतं त्यांच्या वडगाव रासाईच्या माळाचं. गाव भीमेच्या काठचं, पण हा तुकडा वरच्या अंगाला, मुरमाड. उमेदीची वर्षं मेंढरांमागे घालवलेल्या आबांच्या नावावर तेवढीच जमीन होती आणि तीही आता जायच्या वाटेवर होती. मुलगा बिरदेव सणसवाडीला कंपनीत होता. तिथल्याच एकाला गोडाऊनसाठी जागा हवी होती आणि बिरदेवचं मन तिकडे झुकलं होतं. आबांनी त्याच्याकडून एकच कबुली घेतली होती, अक्षय्य तृतीयेपर्यंतची. आखितीच्या आत मी तुला एक चित्र दाखवतो, ते बघ आणि मग काय ते ठरव.

“आखितीचा मुहूर्त म्हंजी खरेदीखतच,” आबांची पाठ वळल्यावर जालिंदर म्हणाला. “चित्र बघून कुणी सही थांबवतंय व्हय? लग्नसराई चालू हाय हर्षदा, अल्बम उरक.”

हर्षदाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कोरेगाव भीमाला तिच्या घरच्या शेतावरही अशीच शेड उभी राहिली होती. बांधावर आंबा होता, पण त्याचा साधा फोटोसुद्धा कुणी काढून ठेवला नव्हता. तो केवढा होता, यावरून आता घरात वाद व्हायचे. निदान आबांचा माळ तरी हुबेहूब उतरावा, असं तिला फार वाटत होतं. ते बघून बिरदेवला लहानपण आठवेल आणि त्याचा हात थांबेल, असा तिचा भाबडा हिशेब होता.

म्हणून ती खोदून खोदून विचारी.

“ही चिंच केवढी, आबा?”

“दुपारच्याला खाली शंभर मेंढरं मावत्यात एवढी.”

“अजून हाय का ती माळावर?”

“माळावर? न्हाई.”

हर्षदा हळहळली. आबा मात्र पुढच्या झाडावर गेलेसुद्धा. “हितं पळस, तांबडा. आन् त्याच्या शेजारी बहावा, पिवळाधम्मक.”

“आबा, पळस फुलतो शिमग्याला आन् बहावा वैशाखात. दोन्ही एका टायमाला कसं?”

आबा मिस्कील हसले. “फुलू दे की गं. तुझ्या कॉम्प्युटरला काय म्हैना कळतोय?”

वय झालं की आठवणींचा थोडा घोळ व्हायचाच, असं म्हणून तिने दोन्ही फुलवले. पळसाचा तांबडा चार वेळा बदलला. डोळे मिटून आबा सावलीचा आकार सांगत, खोडाची साल सांगत. इतकं बारीकसारीक कसं लक्षात राहतं, याचं तिला नवल वाटे.

आखितीच्या अलीकडच्या शनिवारी चित्र छापून झालं. आबांनी एकेका झाडावरून बोट फिरवलं. मग टोपी काढून त्यांनी त्याच टोपीने डोळे पुसले.

“मला दिसतंय ते बिरदेवला कवा सांगता आलं न्हाई,” ते म्हणाले. “आता बघू.”

पुढचे चार दिवस हर्षदाचं कामात लक्ष नव्हतं. एका नवरदेवाच्या मागे तिने काश्मीरऐवजी चिंच लावली आणि जालिंदरची बोलणी खाल्ली.

आखितीच्या आदल्या दिवशी कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक माणूस आत आला. त्याच्या हातात तेच चित्र होतं.

“मी बिरदेव. हरिबांचा पोरगा.”

हर्षदा उठून उभीच राहिली. “ठरलं का वो?”

“ठरलं.” त्याने चित्र टेबलावर पसरलं. ते बऱ्याचदा उघडून मिटलेलं दिसत होतं. “जागा न्हाई द्यायची.”

हर्षदाला इतका आनंद झाला की रडूच आलं. जालिंदरसुद्धा काउंटर सोडून पुढे आला.

“मला वाटलंच हुतं,” ती डोळे पुसत म्हणाली. “ल्हानपणी ह्याच झाडांखाली खेळला असाल न्हवं? समदं आठवलं असंल.”

बिरदेव गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. मग हसला.

“ह्या माळावर? ताई, तिथं आजवर कुसळाबिगर काय उगवलं न्हाई. उद्या आखितीला पयला खड्डा घेतोय. कुठल्या खड्ड्यात कुठलं झाड लावायचं, तेवढं नंबर टाकून द्या.”