किनाऱ्यावरची कलेजी

रक्त आटत चाललेल्या मॉर्नाला डॉक्टरांनी मेंढीची कच्ची कलेजी सांगितली होती, म्हणून नवरा एंगस हिवाळाभर आपल्याच मेंढ्या कापत राहिला. तरी ती खंगतच गेली. आज दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वालुकामय किनाऱ्यावर पुन्हा आलेले डॉक्टर कुंपणापाशीच थबकले. हिरव्यागार गवतात खंगून मेलेल्या मेंढ्यांची हाडे दिसत होती. “दरवर्षीसारखा कळप डोंगरापलीकडे नेला नाहीस?” “हिला सोडून जाऊ कसा?” “अरे, इथल्या मातीत कोबाल्टच नाही. गवतात नाही, मेंढीत नाही. त्याच्यावाचून कलेजीत औषध तयारच होत नाही. फार उशीर झाला.” एंगस हातातली कलेजीची वाटी कुत्र्यापुढे ओतायला वळला. “वेड्या,” व्हरांड्यातल्या खाटेवरून मॉर्ना म्हणाली, “मेंढी माझ्यासाठी मेली आणि मेजवानी त्या आळशाला? दे इकडे.” तिच्या बधिर बोटांत चमचा राहीना, म्हणून त्यानेच भरवले. घासाघासाला ती म्हणत राहिली, “बरं वाटतंय हं.”