कपाळ आणि पंखा

“हे कपाळ आणखी किती वेळ बघायचं?” वाहिनीच्या प्रमुखाने चित्र थांबवलं.

पडद्यावर दिग्दर्शिकेच्या आईचं कपाळ होतं. भिंतभर. वर छताचा पंखा, खाली अर्ध्या भुवया, मधे लहानपणी पडल्याची खूण. बाकीची आई चौकटीबाहेर.

“बावन्न मिनिटं,” दिग्दर्शिका म्हणाली. “चित्रपट तेवढाच आहे.”

प्रमुखाला हसू आलं नाही. वाहिनीवर काय लागणार ते तो ठरवायचा आणि असल्या माणसांना हसू जरा जपूनच वापरावं लागतं. अकरा वर्षांपूर्वी दिग्दर्शिका या देशात आली, तेव्हापासून दर रविवारी आई तिला व्हिडिओ कॉल करत होती. ते सगळे कॉल तिने रेकॉर्ड करून जपून ठेवले होते. त्यातूनच हा चित्रपट उभा राहिला. परक्या देशातली एक बाई, तिच्या चार भाड्याच्या खोल्या, गळके नळ, करपलेली भाजी, मिळालेली आणि हातातोंडाशी येऊन निसटलेली कामं. आणि हे सगळं खोदून खोदून विचारणारं एक कपाळ. चार वर्षं तिने या कामापायी रक्ताचं पाणी केलं होतं.

“गोष्ट सुरेख आहे,” प्रमुख म्हणाला. “पण लोकांना चेहरा लागतो. तुमच्या आईकडे आमचा कॅमेरामन पाठवतो. त्यांना खुर्चीत बसवून नीट चित्रीकरण करू. ही कपाळं काढून टाका.”

“नाही.”

“का?”

सकाळपासून हे तिसऱ्यांदा विचारून झालं होतं. खरं सांगायचं तर अकरा वर्षं तीच आईवर ओरडत आली होती. आई, फोन लांब धर. आई, खाली घे. आई, मी पंख्याशी बोलतेय का? दुसऱ्यांच्या पोरांना कॅमेऱ्याची चौकट लावायला शिकवून आपण पोट भरतो आणि आपल्याच आईला साधा फोन धरता येत नाही, याचं तिला हसू यायचं. चारचौघांत थोडी लाजही वाटायची. चित्रपटातही तिने ती कपाळं गंमत म्हणूनच ठेवली होती. पण घरच्या माणसाला आपण हसलो तर चालतं, दुसऱ्याने नाक मुरडलं की अंगाचा तिळपापड होतो.

“का म्हणजे? माझा चित्रपट आहे.”

“हे कारण नाही, हा हट्ट झाला.” प्रमुखाने घड्याळ पाहिलं. “बाराला कार्यक्रमांची यादी छापायला जाते. मला एक कारण द्या, मी वरच्यांशी भांडतो. नाहीतर तुमच्या जागी दुसरा चित्रपट लागेल.”

“लागू दे.”

“असं करा, आत्ता त्यांना व्हिडिओ कॉल लावा आणि या पडद्याला जोडा. त्या नीट दिसल्या की तुम्हालाच पटेल.”

तिने लावला. तोही हट्टानेच. अकरा वर्षांत जे आईला जमलं नाही ते आज काय जमणार? हाच तोंडघशी पडेल.

भिंतीवर कपाळ आलं.

“आज रविवार नाही. काय झालं? आजारी आहेस?”

“नाही गं, बरी आहे. आई, फोन कपाटाला टेकवून ठेव आणि चार पावलं मागे जा.”

“कशाला?”

“जा ना.”

पंखा गेला. भिंत सरकली. आणि आई दिसली, अख्खी. खिडकीचा उजेड बरोबर एका गालावर, मागे दोरीवरचे टॉवेल, दोन्ही हात पोटाशी. अशी चौकट तिच्या विद्यार्थ्यांना तास तास समजावूनही लागत नसे. प्रमुखाने टेबलावर थाप मारली.

“बघा! मी वेगळं काय सांगत होतो?”

चित्र सुंदर होतं, खोटं कसं बोलणार? आई किती थकली होती तेही आज पहिल्यांदा दिसत होतं. आपण हरलो, असं तिला वाटलं.

“आई, तुला जमतं की!” ती म्हणाली. “मग इतकी वर्षं असा का नाही ठेवलास?”

“न जमायला काय झालं? शेजारणीच्या नातवंडांचे फोटो मीच काढते. एकाचंही डोकं कापलं नाही आजवर.” आईने डोळे बारीक केले, मान पुढे काढली. “पण इथून तू नखाएवढी दिसतेस. पुरे झालं हे.”

आई तरातरा पुढे आली. फोन उचलला गेला. भुवया, खूण, पंखा.

“हं, आता कशी! डोळ्यांखाली काळं झालंय गं तुझ्या. झोपत नाहीस ना नीट?”

मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा वर्षांची सगळी ओरड एकदम कानांत घुमली. “झोपते गं,” एवढंच ती कसंबसं म्हणाली.

आईचं एक अक्षरही न कळलेला प्रमुख वैतागला. “अहो, इतकं छान दिसत होतं! पुन्हा कपाळ का?”

ती उठली आणि पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. डोळे पुसायच्या भानगडीत ती पडली नाही.

“तुम्हाला कारण हवं होतं ना? घ्या लिहून. ही बाई तुम्हाला दिसायला बसलेली नाही. ती मला बघतेय.”