गाळलेला धडा

"मास्क कुणी काढला?" रुग्णवाहिकेत चढता चढता ताई ओरडल्या.

गाडीवरच्या त्या सीनियर पॅरामेडिक. बाथरूममध्ये कोसळलेल्या बाईंना गाडीत घालून त्या पुन्हा वर गेल्या होत्या, घरातल्या लहान मुलीला तपासायला. बाईंजवळ शिकाऊ मुलगी एकटीच होती.

"मी काढला," ती म्हणाली. "त्या सारख्या ओढत होत्या. आणि ऑक्सिजन नव्व्याण्णव दाखवतोय की!"

ताईंनी मास्क बाईंच्या तोंडावर घट्ट बसवला आणि ऑक्सिजन पूर्ण सोडला.

"वर गॅसचा गीझर चालू होता, खिडकी बंद. त्याचा विषारी वायू ऑक्सिजनच्या जागी रक्ताला चिकटून बसतो. बोटावरच्या चिमट्याला दोन्ही सारखेच दिसतात. चिमट्याला कळत नाही, पण तुला कळायला नको? किती वेळ झाला?"

मुलीने घड्याळ पाहिलं. "अकरा मिनिटं."

हॉस्पिटल येईपर्यंत ताईंनी मास्कवरचा हात काढला नाही.

बाई वाचल्या. पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या मुलीकडे परक्यासारख्या बघत होत्या. "त्या अकरा मिनिटांमुळेच झालं असं म्हणता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि त्यांच्यामुळे नाही झालं, असंही म्हणता येणार नाही."

शिकाऊ मुलगी तिथून निघाली ती थेट प्रशिक्षण केंद्रात. सर चहा पीत होते. तिने पुस्तक त्यांच्यासमोर आपटलं, तसा चहा बशीत सांडला.

"रक्ताचा धडा कुठाय, सर? हे बघा, पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत!"

"अगं, हळू. काय झालं काय?"

"तुम्ही आम्हाला आकडा वाचायला शिकवलंत. तो कशाचा आकडा, ते कोण शिकवणार?"

सरांनी रुमालाने टेबल पुसलं. "पेशी, रक्त, हे डॉक्टरांचं काम. तुम्हाला डॉक्टर थोडंच व्हायचंय? आणि आपल्याकडे तासही कमी. म्हणून तो धडा दरवर्षी गाळतो आम्ही. परीक्षेत त्यावर प्रश्न कधी येतच नाही."

"काल आला, सर," ती म्हणाली.