जुळलेली जीभ

पेज गिळता गिळता दिवाकर डोळे मिटून हसला आणि मंदाकिनीचा तिळपापड झाला. म्हणजे पलीकडच्या गल्लीत ती प्राची जेवायला बसली होती.

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर दिवाकरच्या तोंडात मांडीच्या मांसाची जीभ होती. तिला चव कळत नसे. म्हणून डॉक्टरांनी त्याच्या कानामागे चिप बसवली. जिची जीभ याच्याशी जुळेल, तिलाही तशीच चिप बसवायची, की तिच्या घासाची चव याला लागणार. एवढा संसार करून मंदाकिनीची जीभ जुळली नाही. प्राचीची जुळली.

"आज तिच्याकडे शेवभाजी," दिवाकर वर सांगायचाही. त्याचं बोबडं बोलणं आता फक्त मंदाकिनीलाच कळायचं.

शेवटी एक दिवस तिनं वांगी भाजली, मिरच्या ठेचल्या, भरीत केलं आणि डबा घेऊन थेट प्राचीचं दार वाजवलं.

"गरम आहे तोवर खा गं," एवढंच म्हणून ती धापा टाकत घरी आली आणि दिवाकरसमोर बसली.

थोड्या वेळानं त्याचे डोळे भरून आले.

"मंदा, भरीत! अगदी तुझ्यासारखं. नव्हे, तुझ्याहून कांकणभर सरसच. काय हात आहे गं पोरीचा!"

मंदाकिनीनं त्याची ओघळलेली लाळ पुसली. मग उरलेली वांगी तिनं उद्याच्या डब्यासाठी बाजूला काढली आणि मिठाची अख्खी बरणी त्यांच्याशेजारी आणून ठेवली.