दाभाडे मॅडमचे हात

निहार खुर्चीच्या दांडीला दोरा अडकवून टाक्याची गाठ मारत होता. ती पुन्हा सुटली.

"होईल रे, तीन वर्षांत," शलाका म्हणाली. सर्जरीच्या पहिल्या वर्षाला दोघं बरोबरच लागले होते. पण निवृत्त होताना दाभाडे मॅडमनी आपल्या हातांचं कसब शलाकाला दिलं. कसब हलवणाऱ्या नव्या यंत्रानं ते त्यांच्या हातांतून काढून तिच्या हातांत घातलं.

"आयतं मिळालेल्यांनी बोलू नये," निहार म्हणाला. तिच्या बोटांकडे त्याला बघवत नव्हतं.

दारात मॅडम उभ्या होत्या. शलाका लगबगीनं उठली. मॅडमनी तिच्या हातांकडे एकदा पाहिलं, मान फिरवली आणि निहारशेजारी येऊन बसल्या. शिकवताना कुणाची गाठ सुटली की त्या एकच शब्द बोलत, "परत." निहारला वाटलं, आता तोच ऐकायचा.

"हिला विचारायला मन धजत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "देऊन बसले, आणि आता बघवत नाही. पहिला वेढा कसा घ्यायचा, दाखव."

निहारनं सावकाश दाखवला. मॅडमची गाठ सुटली.

त्यानं सुटलेला दोरा सरळ करून त्यांच्यापुढे धरला. मग त्याच म्हणाल्या, "परत."