कडेची अडगळ

बायको जाऊन चार दिवस झाले, तरी फ्रेम करायला तिचा एक धड फोटो अप्पांना सापडेना. मांजराचे दोनशे होते. नव्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याला वाइड लेन्स लावून अप्पा घरात उठल्यासुटल्या फोटो काढायचे आणि येईल त्या पाहुण्याला कौतुकानं सांगायचे, “डोळा लावतो त्या खिडकीत दिसतं, त्याहून कितीतरी जास्त फोटोत येतं.” मग संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे बसून, नीट बघायच्याही भानगडीत न पडता, सगळ्या फोटोंच्या कडांची अडगळ सरसकट कापून टाकायचे. मूळ फोटो ठेवायची त्यांना सवयच नव्हती.

शेवटी कॅमेऱ्यातच राहून गेलेला एक फोटो निघाला. मधोमध मांजर आणि पार कडेला ती, वाइड लेन्समुळे जरा ताणली गेलेली, पण थेट लेन्सकडे बघून हसणारी.

“ही इथे कधी आली?” अप्पा पुटपुटले.

“रोज यायची,” मुलगी म्हणाली. “तुम्ही कॅमेरा उचललात की हातातलं काम टाकून, केस सारखे करून कडेला उभी राहायची. म्हणायची, यांना मी दिसत नसले तरी फोटोत येतेच.”